सगळ्या फोटोंवर एकच हात

उस्ताद, तुमच्यावर मला राग आहे. तुम्ही होता तोवर तो सांगायची छाती झाली नाही, आणि तुम्ही गेल्यावर लोक म्हणाले, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. म्हणून एवढी वर्षं गप्प बसलो. आता मी तुमच्यापेक्षा म्हातारा झालोय. पाचवीपर्यंत शिकलेला माणूस, लिहिताना चुका होतील, पण त्या काढायला तुम्ही काही येणार नाही.

तुमच्या भूमच्या स्टुडिओत मी फोटोवर हात फिरवायला शिकलो. तिरक्या काचेवर निगेटिव्ह, खालून उजेड, आणि सँडपेपरवर सुईसारखी घासलेली पेन्सिल. एका चेहऱ्याला निम्मी दुपार जायची. बाजारच्या दिवशी बाहेर बाकावर माणसं ताटकळलेली, तरी तुम्ही घाई करू द्यायचा नाहीत. एकदा मी एका नवरीच्या हनुवटीवरचा ठिपका भरून टाकला, तर तुम्ही पेन्सिल हातातून ओढून घेतली. "तीळ हाय तो, डाग न्हाय. तिच्या आईनं कशी वळखायची तिला? आधी बघावं, मग हात लावावा." तुमचं बरोबर होतं. मला राग त्याचा नाही.

आता काम कसं चालतं ते तुम्हाला सांगितलं तर पटणार नाही. माझ्या पोराचा जळकोटला हायवेवर स्टुडिओ आहे, मागच्या खोल्यांत आमचं घर. तो लग्नाचे फोटो काढतो, सून ते कंप्युटरवर नीट करते. एका लग्नाचे तीन-तीन हजार फोटो. एकच फोटो घ्यायचा, त्याचा उजेड, रंग, डाग सगळं जुळवायचं, मग बाकीचे सगळे निवडायचे आणि तेच काम एका बटणात सगळ्यांवर चढवायचं. हे सगळं ती मोबाईलवर बघून बघून शिकली, कुणी शिकवलं नाही. पोरगा तिला बजावायचा, "बाबांला माऊस देऊ नको, काय तरी उडवून बसतील." म्हणून तो शूटिंगला गेला की ती मला गुपचूप शिकवायची. "मामा, घाबरू नका, मोडत न्हाय ते." मी घाबरायचोच. बटण दाबलं की दहा बार विचारायचो, "गेलं का? सगळं गेलं का?" आणि ती हसायची.

मग गावातल्याच एका लिंगायत घरचं लग्न आलं. कॅमेऱ्याच्या आत धुळीचा कण बसला होता, त्यामुळं प्रत्येक फोटोत त्याच जागी एक करडा ठिपका. पोरगा बाहेर, सून स्वयंपाकात. मी एका फोटोतला ठिपका काढला. तो मांडवाच्या कापडावर होता. कंप्युटर ठिपक्याच्या बाजूचं कापड उचलून त्यावर बसवतो, बेमालूम बसलं. मी तेच सगळ्या फोटोंवर चढवलं. पहिले पन्नास-साठ बघितले, सगळीकडं स्वच्छ. मान दुखायला लागली. मला वाटलं, एवढ्यांत निघाला तर पुढंही निघणारच. सुनेला सांगितलं, "सगळे बघितले." तिनं माझ्यावर विश्वास ठेवला.

एका फोटोत त्या जागी मांडव नव्हता, नवरीच्या आईचं कपाळ होतं. पाठवणीचा फोटो. कपाळावरची भस्माची इभूत तशीच राहिली आणि खालचं कुंकू गेलं. शेजारची कातडी त्यावर इतकी साफ बसली, की आयुष्यभर पेन्सिल फिरवून मला तशी बसवता आली नसती. अल्बममध्ये तो फोटो अख्ख्या पानावर छापून आला. आणि त्या बाईचा नवरा पोरीचं लग्न झाल्यापासून सोलापूरला दवाखान्यात होता.

अल्बम आधी नवरीच्या सासरी उघडला. तिथं पाहुण्यारावळ्यांनी बघितलं. मग ती बाई आणि तिचा दीर स्टुडिओत आले. दिरानं ते पान उघडून काउंटरवर आपटलं. "बघा. आमचा भाऊ जित्ता हाय अजून. तुमी हितं बसून मारला व्हय त्याला?" पोरगा म्हणाला, "काका, कंप्युटरची चूक हाय ती. पान बदलून देतो." "कंप्युटरला बायकापोरं हायत का रं?" दीर लई बोलत होता. त्या बाईनं कानडीत त्याला काहीतरी म्हटलं तसा तो थांबला. मग ती आमच्याकडं बघून म्हणाली, "पान बदलाल. विहिणीनं बघितलं, ते कसं बदलाल?"

पोरगा त्यांच्यासमोरच सुनेवर धावून गेला. "किती बार सांगितलं, एकएक बघून सोड म्हणून! डोळे कुठं होते तुझे?" सुनेनं माझ्याकडं एकदा बघितलं. मी भिंतीकडच्या स्टुलावर बसलेलो. ती म्हणाली, "चुकलं." माझं नाव घेतलं नाही. त्या दिवसापासून तिला कंप्युटरवर बसायला बंदी आहे. फोटो सोलापूरला कुणाकडं तरी जातात. जे काम तिनं एकटीनं उभं केलं ते तिच्या हातातून गेलं, आणि ती दुपारी पायरीवर बसून शेंगा फोडते. मी आत बसून ते फुटल्याचे आवाज ऐकतो.

हे गप्प बसणं मी कुणाकडून शिकलो, उस्ताद? ढोकीचं ते कुटुंब आठवतं? आजारी म्हाताऱ्याला उचलून आणून, खुर्चीत बसवून सगळ्यांचा एकत्र फोटो काढला होता. अंधाऱ्या खोलीत बिडीसाठी काडी ओढली ती तुम्ही. फिल्म गेली. बाहेर येऊन त्या सगळ्यांसमोर तुम्ही माझ्या थोबाडीत दिली आणि म्हणालात, "ह्या गाढवानं दार उघडलं." मी बावीस वर्षांचा होतो, माझं लग्न ठरलं होतं. संध्याकाळी तुम्ही मला नवी परदेशी पेन्सिल दिली. माफी नाही, पेन्सिल! आणि मी ती दोन्ही हातांनी घेतली, वर तुमच्या पाया पडलो. याचा मला राग आहे. तीळ आणि डाग यातला फरक तुम्ही शिकवला, पण 'माझं चुकलं' हे कसं म्हणतात ते तुमच्या तोंडून एकदा तरी ऐकू द्यायचं होतं. या वयात ते शब्द जुळवताना माझी जीभ अडकते.

काल सकाळी मी पोराला सांगितलंच. तो लेन्स पुसत होता. म्हटलं, "अरे, ते कुंकू म्या पुसलं. तिनं न्हाय." तो हसायला लागला. "बाबा, तुमाला माऊस धरता येतो का? तिला वाचवायला कायबी बोलायलाव." म्हटलं, "खरंच म्या." "व्हय व्हय. जावा, नाष्टा करा." सून आतल्या दारात उभी, हाताला पीठ. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. कंप्युटर समोर चालूच होता. मी खुर्ची ओढून बसलो असतो, एक फोटो उघडून एक ठिपका काढून दाखवला असता, तर पोरगा दोन मिनिटांत गप्प झाला असता. माझा हात खुर्चीच्या पाठीपर्यंत गेलासुद्धा.

मग मी नाष्टा करायला गेलो. हे पत्र तुमच्यापर्यंत जायचं नाही, आणि ज्याच्या हातात द्यायला पाहिजे तो शेजारच्या खोलीत आहे. त्यानं माझं खरं मानलं नाही तेव्हा, उस्ताद, मला बरं वाटलं.