हळदीचे धवळे, संगणकावर

९ मार्च २००३, सकाळ
संकल्प : लेकीच्या, समीक्षाच्या, हळदीचे धवळे संगणक रचणार. सिद्धगडाखालच्या व्याह्यांना फोनवर कळवूनही टाकलं. त्यांनी दोनदा विचारलं, "कोण रचणार?" भारावले असावेत.
शास्त्रज्ञ यंत्राला अक्कल देतील, पण रस कोण देणार? कवीच. टोकावड्यात कवी एकच.

१२ मार्च
आमच्याकडे लग्नात धवळे गाते ती गिरजाबाई. अक्षरशत्रू. तिची चाळीस गाणी कॅसेटवर घेतली. साचा एकच : घर सांगा, देव सांगा, नाव घाला. म्हणजे ही बाईच प्रोग्राम! तिला तसं सांगितलं. म्हणाली, "नाय रे भाऊ. आधी मांडवात नजर फिरवायची. कोन रुसलाय, त्याचं नाव पयलं."
अशास्त्रीय. वगळलं.

२० मार्च
मुरबाडच्या कॉम्प्युटर क्लासचा मालक संदेश प्रोग्राम लिहितोय. नावं कुठून घेऊ, म्हणाला. लग्नपत्रिकाच दिली. श्री., सौ., कै. काढायला लावले, छंद अडखळतो. "काका, नक्की?" म्हणाला. टेक्निकल माणसं!

२ एप्रिल, दुपार
पहिलं गाणं निघालं. 'हळद लागली समस्त ग्रामस्थ मंडळाला.' संदेश हसला. मी म्हटलं, सर्वसमावेशक आहे.
ही म्हणते, गिरजाबाईला विडा देऊन या. समीक्षा म्हणते, "बाबा, माझ्या हळदीत हसं नको." दोघींना कळायला वेळ लागेल. मी थांबायला तयार आहे.

१८ एप्रिल, संध्याकाळ
उष्टी हळद घेऊन व्याही आले. पुतणी प्रियांका नऊ हात लांब छापील कागद धरून गायला लागली. पहिल्याच ओळीत हळद लागली जैतूबाबांना.
जैतूबाबा म्हणजे मुलाचे आजोबा. वारून सहा वर्षं झाली.
मांडव गार. मुलाची आजी, बाईजाबाय, पदर तोंडाला लावून बसली. व्याही म्हणाले, "ताट उचला रे. चला." समीक्षा माझ्याकडे बघेना, मागे पाहुणी म्हणून बसलेल्या गिरजाबाईकडे बघत होती. गिरजाबाईने मांडवात एकदा नजर फिरवली आणि बसल्या जागेवरून उचललं :
"सिद्धगडावरून बघतोय जैतूबाबा गो,
त्याच्या वाटची हलद लाव, बाईजाबाय गो!"
म्हातारी रडली, मग हसली, मग उठून समीक्षाच्या गालाला हळद लावली. व्याह्यांनी ताट खाली ठेवलं.

१९ एप्रिल
प्रयोग यशस्वी. पहिली ओळ माझी नसती, तर तिला दुसरी सुचली असती का?

५ मे
सुधारणा सांगायला क्लासात गेलो. माझ्या खुर्चीवर गिरजाबाई. चहा बशीत ओतून संगणकाला शिकवत होती. प्रोग्राम आता आधी एकच प्रश्न विचारतो : मांडवात कोण रुसलंय?
संदेशने बाईकडे बघितलं. बाईने माझ्याकडे.
"घाल भाऊचं नाव," म्हणाली.
कागद घरी आणलाय. चार वेळा तपासला. छंद कुठेच अडखळत नाही.