आमच्या गावात सगळं चांगलं निघालं

तीर्थरूप देवाजीदादांना धाकट्या विठाचा मनापासून जयभीम. तुमचा गुडघा आणि कुसुमवहिनीचा दमा कसा आहे ते कळवावे. मी बरी आहे. (बरी म्हणजे जेवते, वाचते. त्यापुढचं कुणी विचारत नाही.) तुमची पंचफुला पोळ्यापासून शाळेत जात नाही, भिंतीकडे तोंड करून बसते, आणि रविवारी किनवटचे पाहुणे तिला पाहायला येणार, लग्न झालं की पोरगी ठिकाणावर येईल, हे तुमचं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, कारण गावात हैदराबादच्या एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या.

या बाई मनाच्या डॉक्टर. वयात येणाऱ्या पोरापोरींचं मन बिघडू लागतं तेव्हा आधी काय दिसतं, याचा त्या शोध घेतात. त्यांना तेलुगू येतं, आपल्या बायांना मराठी, मला दोन्ही, म्हणून सरपंचांनी मला मधे बसवलं. (पुड्यांचे कागद वाचत शिकलेली बाई गावात विद्वान ठरते.) पण अंगावर रेशमी साडी, सोबत पिशवी धरलेला वयस्क माणूस, आणि घरात शिरताच पोरीचं वय नि शिक्षण विचारायचं, यावरून गावाने जे समजायचं ते समजून घेतलं. दुसऱ्या घरापासून पोरी डोक्यावर पदर घेऊन चहा आणू लागल्या. मी प्रत्येक दारात खरं सांगत होते, पण मलाच मध्यस्थ समजल्यावर माझं कोण ऐकतं?

पोरीला झोप लागते का, असं विचारलं, तर जयवंताबाई म्हणे, "झोपते कायची? कोंबड्याच्या आदी उठून सडा टाकते." एकटी रडते का? "लगनात रडन तेवढीच." राग येतो का? "तिले राग मालूमच नाई, बाई. अन् काऊन हो विठाबाई, पोरगा नोकरीवर हाय का शेतीवर?" पोरगे असलेल्या प्रयागबाईने तर बाईंनाच दम दिला, की आधी मुलगी दाखवा, मग आमच्या पोराची झोप विचारा. संध्याकाळी बाईंनी कागद चाळले. गावात एकही पोर उदास नव्हतं. सगळ्यांना स्वयंपाक येत होता.

मी खूप हसले. बऱ्याच दिवसांनी. मग बाईंनी मला विचारलं, तुमच्या घरी कोण?

दादा, मी त्यांना ह्यांच्याबद्दल सांगितलं. सासूबाई सांगत, सोळाव्या वर्षी नागनाथने लेझीम सोडली, मित्र सोडले, ताट सरकवू लागला, रात्रभर जागा राहू लागला. चार शहाण्यांनी उपाय सांगितला, लग्न करा. तो उपाय म्हणजे मी. किती वर्षं मला वाटत होतं, की औषधच कमी पडलं. पुढे विहिरीतून त्यांना वर काढणाऱ्यांत तुम्ही होता, तेव्हा ते लिहीत नाही.

बाई म्हणाल्या, आम्ही शोधतो ती लक्षणं हीच. लवकर कळलं तर बऱ्याच पोरांना उपचाराने उतार पडतो. लवकर म्हणजे केव्हा, असं मी विचारलं. घरच्यांना पहिल्यांदा खटकतं तेव्हा, असं म्हणाल्या. उशिरा कळलं तर काय, ते मी विचारलं नाही.

वहिनीला नमस्कार, पंचफुलाला खूप खूप प्रेम.

तुमची,
विठा

ता. क. बाकी विशेष नाही.

ता. क. दुसरा. विशेष आहे. रविवारी सकाळच्या बसने मी तुमच्याकडे निर्मलला येते. सोमवारी बाई आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात बसणार आहेत. पंचफुलाला मी घेऊन जाईन, तुम्ही सोबत या. किनवटवाल्यांना येऊ नका म्हणून कळवा. त्या पोरालाही कुणी विचारलं नसेल, की बाबा, तुला औषध व्हायचं आहे का.

ता. क. तिसरा. त्यांना खरं कारण सांगायची लाज वाटली, तर माझं नाव सांगा. म्हणा, पोरीच्या आत्याचं डोकं फिरलं आहे, तिला दवाखान्यात न्यायचं आहे. माझं आता कुठे जमवायचं राहिलं आहे?