दादा कधी हरवलाच नव्हता

१२ जानेवारी २००४

मायला विचारून खात्री करून घेतली. प्रमोददादा लहानपणी कधीच, कुठंच हरवला नव्हता. हरवला असता तर घटकाभर तरी घरात शांतता राहिली असती, असं म्हणून ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

म्हणजे झालं. दादा आता हरवणार — मीच हरवणार त्याला, कागदावर!

एम.ए.च्या लघुप्रबंधाला हुमेरा मॅडमनी विषय मंजूर केलाय : खोट्या आठवणी. माणसाला त्याच्या लहानपणीच्या तीन खऱ्या गोष्टी सांगायच्या, त्यात एक बनावट मिसळायची, आणि मग अधूनमधून भेटून काय काय आठवतं ते विचारत राहायचं. काही जणांना न घडलेलंसुद्धा आठवायला लागतं म्हणे. शेवटी प्रत्येकाला खरं काय ते सांगायचं. यावर मॅडमचा फार जोर. ते सांगितल्याशिवाय प्रयोग पुरा नाही आणि त्यांची सही नाही.

प्रयोगाला गल्लीतली थोडी माणसं मिळाली, त्यांना प्रयोज्य म्हणायचं. घरातला एक, दादा. लाईनमन माणूस. खांबावर बिनधास्त चढतो आणि खाली कुणावर विश्वास ठेवत नाही. तो कसला फसतोय. पण संख्या भरायला हवी.

१५ जानेवारी

बनावट गोष्ट लिहून काढली. दादा पाच वर्षांचा. कुरुंद्याचा आठवडी बाजार. गर्दीत मायचा हात सुटतो. एक बांगडीवाला त्याला आपल्या दुकानात बसवून घेतो. मग आबा शोधत येतात.

वाचून पाहिली तर अगदी कोरडी. म्हणून एक वाक्य वाढवलं — आबांनी त्याला उचलून छातीशी धरलं आणि भर बाजारात रडले.

आबा आणि रडणार! लिहितानाच हसू आलं. मी पाच वर्षांची होते तेव्हा ते गेले, दादा सोळाचा. आमचे वडील, शाळेत शिपाई होते. शाळेतली पोरं हेडमास्तरांपेक्षा आबांना भ्यायची, आणि घरात दादा. त्यानं मारही पोटभर खाल्लाय. अजून कुणी त्यांचं नाव काढलं की तो उठून बाहेर जातो.

१८ जानेवारी

दादाची पहिली मुलाखत. वीज नव्हती, लाईनमनच्याच घरात अंधार, म्हणून अंगणात बसलो.

खऱ्या गोष्टी त्यानं साफ नाकारल्या. घागरीत डोकं अडकलं होतं? तो मी नव्हंच. विंचू चावला होता? दुसरं कुणी असंल. मामाच्या लग्नात जिलब्या खाऊन मांडवातच झोपला होता? मायला काय बी आठवतं. माय आतून घागरीची तारीख-वार सांगायला लागली तेव्हा तिला गप्प करताना माझी पुरेवाट झाली.

बाजारात हरवला होता? दादा थोडा थांबला. मग म्हणाला, न्हाई आठवत.

२५ जानेवारी

दुसरी मुलाखत. दादानं आल्या आल्या मलाच विचारलं, त्या दुकानात बांगड्या वर टांगलेल्या होत्या का, हिरव्या? मी म्हटलं, मला काही सांगता येत नाही, नियम आहे. तो चिडला. सांगायचं न्हाई तर ईचारून काहून राहिलीस?

वहिनी म्हणाली, हे चार दिवस खांबावरसुद्धा बाजाराचाच विचार करून राहिलेत. वहिनीला भीती — विचारात चुकीची तार धरतील.

माझ्या लघुप्रबंधात जोखीम या सदरात तार नाही.

१ फेब्रुवारी

आठवलं! सगळंच आठवलं!

बांगड्या हिरव्याच. डोक्याला लागायच्या आणि वाजायच्या. बांगडीवाल्यानं कागदात गोडीशेव दिली. खाली गोणपाट अंथरलेलं, ते टोचत होतं. मी यातलं काही म्हणजे काही लिहिलेलं नव्हतं. मान खाली घालून भराभर टिपून घेत होते.

मग दादा हळू आवाजात म्हणाला, "आबानं उचललं तवा त्याच्या सदऱ्याला खडूचा वास येत व्हता."

माझं टिपणं थांबलं. दादाच्या तोंडून आबा हा शब्द मी इतक्या वर्षांत असा ऐकला नव्हता.

४ फेब्रुवारी

हुमेरा मॅडम खूष. बाकी कुणीच गळाला लागलेलं नाही. निवृत्त मास्तर किसनराव तर माझ्यावरच उखडले. ते म्हणे कधीच हरवले नाहीत, उलट जत्रेतून दुसऱ्यांची लेकरं तेच शोधून आणायचे. हे तरी खरं का, ते कोण तपासणार?

९ फेब्रुवारी

घोळ झाला.

दादा बाजारात गेला आणि सगळ्यात जुन्या बांगडीवाल्यासमोर जाऊन उभा राहिला. चाँद पाशा. म्हातारा माणूस, पोरं हैदराबादेत. दादानं त्यांना सांगितलं, तुमी मला लहानपणी दुकानात बसवून घेतलं व्हतं. आणि त्यांना आठवलं! भोत रोया रे तू, म्हणाले. दोघं तासभर बोलत बसले, चहा झाला. वहिनीसाठी बांगड्या आल्या — हिरव्या. दादा त्यांना आता चाँदमामू म्हणतो. सवड काढून त्यांच्या दुकानाचं वायरिंग करून देणार आहे.

चाँद पाशा माझे प्रयोज्य नाहीत. मी त्यांना काहीसुद्धा विचारलेलं नाही. त्यांना कोणत्या खान्यात बसवू?

१७ फेब्रुवारी

आज आबांचा स्मृतिदिन. दरसाल या दिवशी दादा मुद्दाम ड्यूटी मागून घेतो. आज घेतली नाही. पांढरा सदरा घालून सगळ्यांच्या आधी येऊन बसला. मेणबत्ती त्यानं लावली. त्रिशरण-पंचशीलाला त्याचाच आवाज मोठा.

जेवणं झाल्यावर पाहुण्यांत बसून त्यानं बाजाराची गोष्ट सांगितली. म्हणाला, आबा कडक होते, पण मी हरवलो तर रडले होते. म्हातारी माणसं माना हलवत होती.

माय माझ्याकडे बघत होती. मी ताटं उचलून आत गेले, तर मागोमाग आली.

"तुझ्या कालेजाला काय लिहून द्यायचं ते दे," म्हणाली. "त्याला सांगू नको."

२० फेब्रुवारी

मॅडमना सगळं सांगितलं. वाटलं होतं सूट देतील. त्यांनी पाणी दिलं, माझं सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, प्रबंधातून भावाला वगळायचं तर वगळा, पण त्याला सांगावं लागेल. गोष्ट चांगली निघाली म्हणून ती त्याच्या डोक्यात ठेवून देण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही.

येताना बसमध्ये मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत आले. प्रत्येक वेळी त्याच जिंकल्या.

२२ फेब्रुवारी

आज सांगणार होते. मटण होतं. दादा खुशीत होता. राहिलं.

२४ फेब्रुवारी

आज सांगणार होते. दादा खांबावर. खालून ओरडून सांगण्यासारखी गोष्ट नाही.

२९ फेब्रुवारी

सांगितलं.

दादा ओट्यावर मिक्सर उघडून बसला होता. मी समोर बसले आणि थांबले तर जमणार नाही म्हणून एका दमात बोलले. प्रयोग कसा असतो, गोष्ट मी कशी लिहिली, बाजार, बांगडीवाला, सगळं. त्याचा हात थांबला.

"आबा रडले ते बी?"

"ते बी."

त्यानं ओट्यावरचे स्क्रू गोळा करून मुठीत घेतले. मग विचारलं, "खडूचा वास?"

मी म्हटलं, "तो मी नाही लिहिला. तो तुझा आहे."

त्यानं मान हलवली. मिक्सरचे स्क्रू एकेक करून लावले, एकही खाली पडू दिला नाही. उठताना म्हणाला, चाँदमामूला सांगू नको, म्हातारं माणूस आहे. आणि गाडीला किक मारून गेला.

मिक्सर चालू झाला नाही.

१ मार्च

गावभर हळद शिजतीये, घरात पिवळा धूर. दादा बोलत नाही. माय बोलते, पण भांड्यांशी.

३ मार्च

आज दादा आपणहून आला. बाजारातूनच येत होता. वायरिंग झालं म्हणाला. जवळ बसला आणि विचारलं, तुला आबाचं काय आठवतं?

मला एकच गोष्ट आठवते. कुणाला कधी सांगितलेली नाही, सांगून संपेल अशी भीती वाटायची. आज सांगितली. आबांनी मला सायकलवर बसवून वसमतला रेल्वे दाखवायला नेलं होतं. मला टोचू नये म्हणून दांडीला टॉवेल गुंडाळला होता. पाठीमागून विडीचा वास. इंजिन आलं तेव्हा त्यांनी माझे कान दाबून धरले.

दादानं सगळं ऐकून घेतलं.

"आबाला सायकल येत नव्हती, करुणे," म्हणाला. "मी नेलं व्हतं. ते गेल्यावर तू सारखी आबा कुठंय, आबा कुठंय करायचीस. मग रेल्वे दाखवून आणली, आन् रोज सांगत गेलो, आबानं नेलं व्हतं."

मग एवढंच विचारलं — आणि विडीचा वास?

दादानं आत स्वयंपाकघराकडे बघितलं. आवाज खाली आणला.

"मायला सांगू नको."