आईची मात्रा चुकली नव्हती

प्रिय निएवेस,

आईच्या दफनानंतर घासभरही न खाता तू बेटावरून निघून गेलीस, तेव्हापासून माझा फोन उचलत नाहीस. म्हणून हे पत्र आन्सेल्मोच्या मेहुण्याच्या हाती पुंता आरेनासला धाडते आहे. फाडू नकोस. शेवटपर्यंत वाच.

आपला धाकटा भाऊ आन्सेल्मो तेव्हा नऊ वर्षांचा होता, मी अकराची, तू चौदाची. त्याच्या क्षयासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेली इंजेक्शनं आईच टोचायची, गावात नर्स तीच होती. वादळामुळे एक दिवस औषध घेऊन येणारी बोट आलीच नाही, आणि त्यानंतर आठवड्याभरात आन्सेल्मोला आपल्या हाका ऐकू येईनाशा झाल्या. क्षय गेला, सोबत कानही गेले. ‘दोन दिवसांचं एकदम टोचलंस तू!’ असं तू आईला तोंडावर म्हणालीस आणि सतराव्या वर्षी घर सोडलंस. आईने तुला कधी उलट उत्तर दिलं नाही, कारण तिची तिलाच खात्री नव्हती. अगदी शेवटच्या आजारातही मला विचारायची, ‘ओती, मोजताना माझा हात चुकला असेल का गं?’

मी वाल्दिवियाच्या विद्यापीठात इतकी वर्षं काय करते, याची तू थट्टाच करायचीस. ‘न दिसणाऱ्या गोष्टींचा पगार घेते ही!’ ती न दिसणारी गोष्ट म्हणजे रायबोसोम, पेशीत प्रथिनं जुळवणारं यंत्र. समुद्रातलं शेवाळ, पावातलं यीस्ट, देवमासा, तू, मी, सगळ्यांत ते आहे, आणि त्याचा गाभा अब्जावधी वर्षांत फारसा बदललेला नाही. जिवाणूंचं मात्र थोडं लहान, घडणीने वेगळं. आन्सेल्मोचं औषध जिवाणूंच्या यंत्रातल्या एका खाचेत रुतून ते बिघडवतं. आपल्या यंत्रात ते तसं रुतत नाही, म्हणून जंतू मरतो आणि माणूस जगतो. पण आपल्या पेशींना ऊर्जा पुरवणारे जे कण आहेत, ते फार पूर्वी स्वतंत्र जिवाणू होते. त्यांनी आपलं जुन्या घडणीचं यंत्र अजून जपलंय. आणि हे कण मुलांना फक्त आईकडून मिळतात.

सहा वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना तपासणीची पद्धत दाखवताना मी स्वतःचीच लाळ घेतली. त्या जुन्या यंत्राच्या आराखड्यात एक अक्षर बदललेलं निघालं. त्या बदलाने तिथली खाच जवळजवळ जिवाणूंसारखी होते, औषध तिथेही रुततं आणि कानातल्या नाजूक पेशी मरतात. मात्रा अगदी बरोबर असली तरी. मग काहीतरी निमित्त सांगून मी आईचं आणि आन्सेल्मोचं रक्त तपासलं. तेच अक्षर. तुला-मला ते इंजेक्शन कधी घ्यावं लागलं नाही, एवढाच काय तो फरक.

आई चुकली नव्हती, निएवेस. आणि मी हे तिला सांगितलं नाही. ‘दोष सुईत नव्हता, तुझ्याच रक्तातून आला’ हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचं, म्हणून आज-उद्या करत राहिले. मार्चमध्ये ती गेली.

गेल्या रविवारी आन्सेल्मोच्या बोटींच्या कारखान्यात जाऊन त्याला सगळं लिहून दिलं. त्याने दोनदा वाचलं आणि खडूने फळीवर लिहिलं, ‘आईला माहीत होतं?’ मी मान हलवली, नाही. मग त्याने लिहिलं, ‘माझ्या मुली?’ मी लिहिलं, बापाकडून हे पुढे जात नाही. त्याने फळी पुसली, रंधा हाती घेतला आणि मी निघेपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही.

मला माफ कर, असं म्हणायला मी हे लिहीत नाही. तुझी एलिसा पुढच्या महिन्यात बाळंत होणार आहे, असं ऐकलं. आईकडून तुला, तुझ्याकडून एलिसाला, एलिसाकडून बाळाला हे जाणारच. तान्ह्या बाळाला ताप आला तर इस्पितळात पहिल्यांदा याच जातीचं औषध देतात. सोबतच्या कागदावर मी त्या औषधांची नावं आणि आपल्या तपासणीचा निकाल लिहिला आहे. एलिसाने तो आजच डॉक्टरांना दाखवावा. त्यांना दुसरं औषध देता येतं. मी एकदा गप्प बसले, त्याची शिक्षा तू मला हवी ती दे, जन्मभर बोलू नकोस. पण आधी तिला फोन लाव.

तुझीच, तुला आवडो न आवडो,
ओतिलिया