हजच्या आधी मस्टँग विकताना

शारजा, ६ जानेवारी २००२

माझे बालमित्र, हर्णैच्या शाळेचे माजी हेडमास्तर श्री. चारुदत्त यांस गनी मुकादमचा सलाम आणि नमस्कार. दोन्ही घ्यावेत, आणि अर्धे अनुपमा वहिनींना द्यावेत. तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावता, की नुसतं बाटलीकडे बघता? माझी शुगर वाढली आहे, झोप नाही, आणि डाव्या कानात काहीतरी वाजतं. डॉक्टर म्हणतो काही नाही. त्याच्या कानात वाजत नाही, म्हणून काही नाही. (मान देऊन लिहिणं इथे संपलं. चौथीपर्यंत एका बाकावर बसलेल्या माणसाला चार पानं अहो-जाहो करणं मला झेपणार नाही.)

पाकीट जड लागेल. मी तिकिटं पुरेपूर लावली आहेत, पोस्टमनने जादा मागितलं तर एक पैसा देऊ नकोस. आत काय आहे ते आधी चाचपू नकोस, पत्र वाच. तुला लहानपणापासून शेवटचं पान आधी बघायची सवय आहे.

तर चारू, मी आणि साजिदा हजला निघालो आहोत. पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला बस सुटते. (बसमध्ये माझी जागा बरोबर मागच्या चाकावर आली आहे. बदलून मागितली, तर म्हणाले, चाचा, सबर करो. सबर करायला माझी हरकत नाही, माझ्या कमरेची आहे.) निघण्याआधी आमच्यात सगळ्यांची माफी मागायची रीत आहे, हे तुला माहीत आहे. बोललेलं-चाललेलं माफ करा म्हणायचं, समोरच्यानेही म्हणायचं, आणि मन धुतलेल्या ताटासारखं करून जायचं. मी रीतसर यादी केली. मागायला सुरुवात मात्र घरापासून केली आणि तिथेच फसलो. साजिदा म्हणाली, एकतीस वर्षांचं सगळं माफ केलं, गाडी सोडून.

गाडी म्हणजे माझी एकोणसत्तरची मस्टँग. तुला फोटो पाठवला होता. त्यात मी दिसत नाही, कारण मला गाडी पूर्ण यायला हवी होती. अमेरिकन दोनदारी, मोठ्या इंजिनाची गाडी हे माझं आयुष्यभराचं वेड, हे तुला सांगायला नको, कारण लागण झाली तेव्हा तू जवळच होतास. बावन्न साली त्या मुंबईच्या कंत्राटदाराची लांबलचक अमेरिकन गाडी बंदरावरच्या वाळूत रुतली. तू पोस्टमास्तरांचा मुलगा, म्हणून ड्रायव्हरने तुला आत बसवलं. मी मुकादमाचा, म्हणून मी मागे ढकलायला. तू आतून हात हलवत होतास. मी तो हात अजून विसरलेलो नाही. मग त्या गाडीचं काहीतरी हरवलं, आणि तुझ्या वडिलांनी चौकशी न करता तुला ओल्या फोकाने बदडलं. ते त्यांचं चुकलंच. शिकलेल्या माणसाने चौकशी करायला हवी होती.

त्याच दिवशी मी ठरवलं, की अशी गाडी आपली असेल, आपण आत बसू. शारजाला डेंटर-पेंटर म्हणून आलो आणि एकामागून एक तीन घेतल्या. दोन गेल्या. ही तिसरी त्र्याऐंशी साली मायदेशी परत जाणाऱ्या एका तेल कंपनीच्या इंजिनियरकडून घेतली. रंग मी स्वतः कालवला, ओल्या काजूच्या बोंडाचा. अकरा वेळा मारला, अकराही वेळा माणसं थांबून बघायची. आणि अशा गाडीबद्दल साजिदा आमच्या हजच्या ग्रुपच्या मौलानांसमोर म्हणते, ह्यांच्या मनात काब्याच्या आधी गाडी उभी आहे, हे काय हज करणार! मौलाना हसले. मला राग आला, आणि रागाच्या भरात मी बोलून गेलो, की निघायच्या आधी विकतो. मौलानांनी लगेच दुआ केली. एवढ्या घाईने दुआ करायची काही गरज होती का?

वर त्यांनी सांगितलं, की हजला जाणाऱ्याने माल विकताना एकही दोष लपवू नये. मी म्हटलं, ठीक. ईदनंतरच्या पहिल्या शुक्रवारी गाडी रास अल खोरला जुन्या गाड्यांच्या बाजारात उभी केली आणि येईल त्याला दोष सांगायला लागलो. ड्रायव्हरच्या बाजूची काच धक्का बसला की खाली पडते, ती मी फणसाच्या लाकडाची पाचर मारून धरली आहे. डावीकडे वळलं की हॉर्न आपोआप वाजतो. पेट्रोलचा काटा टाकी भरली तरी अर्ध्यावर आणि संपली तरी अर्ध्यावर. शेजारचं दार फक्त बाहेरून उघडतं, त्यामुळे दरवेळी मी उतरून, फिरून जाऊन साजिदाला उघडून देतो. (शेजारपाजारच्या बायका तिला म्हणतात, तुमचे मियाँ किती अदबीचे! ती अठरा वर्षं दात ओठ खात हसते.) हे दोष कारखान्याचे नाहीत, वयाचे आणि माझ्या दुरुस्तीचे आहेत, हेही मी सांगायचो. अर्ध्या तासात गिऱ्हाईक पळायचं. एक पठाण तर म्हणाला, चाचा, तुम गाडी बेचता है या बद्दुआ देता है?

दोन शुक्रवार असे गेले. मी घरी येऊन खरं तेच सांगायचो, कोणी घेत नाही. झैद, आमचा मुलगा, ज्याला मी ह्याच गाडीतून शाळेत सोडलं, तो मला म्हणाला, पपा, यू आर डुइंग इट ऑन पर्पज. बापाच्या ईमानावर शंका! मी म्हटलं, मौलानांना विचार. तो म्हणाला, मौलानांनी दोष सांगायला सांगितले होते, दोन-दोनदा सांगायला नव्हते सांगितले.

परवाच्या शुक्रवारी तो पहारा द्यायला बरोबर आला, तिथेच घात झाला. सालेम नावाचा इथलाच एक तरुण आला, पांढरा शुभ्र, पायघोळ कंदुरा घातलेला. मी सुरुवात केली. काच पडते म्हटलं, तो हसला. हॉर्न वाजतो म्हटलं, तर वाजवून दाखव म्हणाला. मी डावीकडे वळवली, वाजला, त्याने टाळ्या वाजवल्या. दार आतून उघडत नाही म्हटलं, तर हा आत बसून दार ओढून घेऊन मला म्हणतो, अब खोलो. मी जितके दोष सांगितले तितका तो गाडीच्या जास्त प्रेमात पडला. चारू, मी अशी माणसं ओळखतो, मी स्वतः तसा आहे. म्हणून तर घाम फुटला. शेवटी मी बावीस हजार दिरहम सांगितले, म्हणजे आपले पावणेतीन लाख, घासाघीस करून कंटाळून जाईल म्हणून. तो म्हणाला, खलास, हबीबी, लेगा. घासाघीस नाही! ज्या गाडीला मी अकरा वेळा रंग मारला, तिच्यासाठी एक शब्द भांडला नाही. हा अपमान मी कुणाकडे मांडू? साजिदाकडे मांडला, तर तिने शिरा केला.

अजून पुढचं ऐक. कागद झाले, सालेम आत बसला, आणि त्याने ॲक्सिलरेटर इतका दाबला, की इंजिन पेट्रोल पिऊन गप्प झालं. मग काय? झैद ऑफिसच्या पँटमध्ये आणि मी साठाव्या वर्षी, दोघं मागे. ढकलली. गाडी सुरू झाली, डावीकडे वळली, हॉर्न वाजला, आणि खिडकीतून सालेमने हात हलवला. पन्नास वर्षं झाली चारू, आत कुणीतरी दुसरंच आणि मी मागे.

आता मन साफ झालं म्हणतात. मला तर ते रिकाम्या पार्किंगसारखं वाटतं. माझं बोललेलं-चाललेलं माफ कर. औषधं वेळेवर घे.

तुझा,
गनी

ता. क. यादीत तुझं नाव पहिलं होतं, पत्र सगळ्यांत शेवटी लिहितोय. हात पुढे होत नव्हता. आता पाकीट चाचप. चकचकीत, वाकडी लोखंडी वस्तू आहे ना? ते त्या कंत्राटदाराच्या गाडीच्या डिकीवरचं 'सी' अक्षर. मला तेव्हा इंग्रजी येत नव्हतं, ते मला ईदच्या चंद्रासारखं दिसलं. ढकलताना हाताखाली हललं, आणि मी ओढलं. तुला फोक बसत होते तेव्हा मी कुंपणापलीकडे उभा होतो आणि ते माझ्या खिशात होतं. बोललो नाही. पुढे तिन्ही गाड्यांच्या डॅशबोर्डवर मी ते लावलं. कंत्राटदार कधीच वारला, माफी देणारा आता तू एकटाच आहेस. मौलानांना विचारलं, ते म्हणाले, ज्याला मार बसला त्याच्याकडून आणा. झैदच्या ऑफिसचा फॅक्स नंबर मागे लिहिला आहे. 'माफ केलं' एवढंच लिही. रागावला असशील तर आधी हव्या तेवढ्या शिव्या लिही, पण शेवटी तेच दोन शब्द लिही, आणि दहा तारखेच्या आत. नाहीतर मी त्या मागच्या चाकावर बसून काय तोंडाने जाऊ?

ता. क. २. पाकीट बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. आताच सालेमचा फोन आला. डॅशबोर्डवरचा चंद्र कुठे गेला, विचारतोय, त्याला तोच सगळ्यांत आवडला होता. तो कागद करायला गेला तेव्हा मी स्क्रू ड्रायव्हरने काढला होता, पण तोवर गाडी विकलेली होती. म्हणजे एक चोरी फेडायला मी दुसरी केली. तेव्हा चारू, तो बघ, हवं तर एकदा हातात घे, आणि ताबडतोब परत पाठव. आपल्या हर्णैच्या मुक्ताबाईंचा जावई तीस तारखेला इकडे यायला निघतोय, त्याच्याकडे दे. सालेम म्हणाला, तुम्हीच येऊन लावा. लावणार आहे. पेच घट्ट बसला की नाही ते गाडी चालवून बघावंच लागतं, हे साजिदाला कळवायची गरज नाही.