हरवलेल्या सिनेमाचा शेवट

डोंबिवली

प्रिय उर्वी,

फोनवर तू सतत घाईत, म्हणून लिहायलाच बसले. गुडघा बरा आहे. शेजारच्या सौमित्रचं बिऱ्हाडही ठाण्याला गेलं, मजल्यावर आता मी एकटीच.

सर्वेशबद्दल सांगायचं राहिलं. ठाण्याला बँकेत असतो, चाळिशीचा असेल. जुन्या सिनेमांची पोस्टरं, फोटो, काय काय जमवतो. बाबा गेल्यावर त्यांच्या कपाटात सत्तरच्या दशकातल्या त्या रहस्यपटाची, थिएटरात विकायचे तसली गाण्यांची पुस्तिका आहे हे त्याला कुठूनसं कळलं, आणि आला. आमच्या लग्नानंतर बाबांनी मला कल्याणला नेऊन दाखवलेला तो पहिला सिनेमा! त्यात नवी सून आरशाशी बोलते आणि घरातलं एकेक माणूस वेडं ठरत जातं. मी घाबरून बाबांचा हात धरला, तोही सासूबाई पलीकडे बसलेल्या असताना. तेव्हा तिकडे कुत्रंही फिरकलं नाही, आठवड्यात उतरला. आता प्रिंट कुठेच नाही म्हटल्यावर ही मंडळी त्याच्यावर जीव टाकतात. मेल्या म्हशीला मणभर दूध!

पुस्तिका मी त्याला पहिल्याच दिवशी देऊन टाकली. पण तिच्यात रिवाजाप्रमाणे अर्धीच गोष्ट, पुढचं म्हणे रुपेरी पडद्यावर पाहा. मग तो मलाच विचारू लागला, काकू, पुढे काय झालं? दर रविवारी येतो. मी शिरा करते आणि थोडंसंच सांगते. खुनाच्या रात्री त्यातला डॉक्टर जिन्यावरून खाली आला की वर गेला, यावर परवा दोनदा चहा झाला. काही आठवतं, काही मी पदरचं घालते. चऱ्हाट लावते म्हणशील, तर लावते. निघताना तो विचारतो, काकू, बाजारातून काही हवंय का? मी मुद्दाम कोथिंबीर आणलेली नसते.

आता खून कोणी केला तेवढंच उरलंय. गेल्या रविवारी त्याने फारच गळ घातली, तेव्हा म्हटलं, आठवत नाही रे. लख्ख आठवतं. तर म्हणाला, मग उर्वीताईंना विचारतो, नंबर द्या. आणि मी वेडीने दिला. बाबांनी जेवताना तुला तो शेवट किती वेळा रंगवून सांगितला होता, हे नंतर लक्षात आलं.

त्याचा फोन येईल. सांगू नकोस गं. आईलाच ठाऊक, तिला जरा वेळ द्या, असं म्हण. शेवट कळला की तो दुसऱ्या सिनेमामागे जाईल, आणि त्यात त्याचं काही चुकणार नाही. पण सोमवार ते शनिवार या घरात माझा आवाज मलासुद्धा ऐकू येत नाही, उर्वी. मला रविवार हवा आहे.

तुझीच,
आई