पंप बंद, कान चालू

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (गुडघा आखडलाय, त्यामुळे साष्टांगातलं एक अंग वजा धर.) तुझं पित्त, वहिनींची पाठ आणि तुझी पुढच्या वर्षी नक्की सुटणारी सिगारेट, तिघांची प्रकृती उत्तम असावी. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं.

पत्रास कारण, तुझा सल्ला. तू फोनवर म्हणाला होतास, "अरे वेड्या, थंडीत स्विमिंग पूलचा पंप दिवसभर कशाला फिरवतोस? गार पाण्यात शेवाळ धरत नाही, कोणी आत उतरत नाही. दुपारचे दोन-तीन तास पुरे!" ज्याच्या घरी पाण्याचा सर्वांत मोठा साठा म्हणजे आंघोळीची बादली, त्याने हे इतक्या अधिकाराने सांगावं याचं मला कौतुक वाटलं. पण थोरल्या भावाचा शब्द! (हा पूलही तुझ्याच शब्दाखातर आहे. घर घेताना "पूलवालंच घे, माणूस निरोगी राहतो" असं तूच म्हणालास. तेव्हापासून तुझी मुलं दर सुट्टीत येऊन निरोगी होऊन जातात आणि मला पोहता येत नसल्याने मी काठावर टॉवेल धरून उभा असतो.) पूल साफ करायला येणाऱ्या माणसानेही मान डोलावली. पानं काढत राहा, औषध वेळेवर टाका, पंप कमी चालला तरी बिघडत नाही, म्हणाला. मी टायमर फिरवला.

तुला वाटेल, आता पाणी हिरवं झालं, बेडूक आले, असं काहीतरी मी लिहिणार. तसं झालं असतं तर किती बरं झालं असतं! तुला चार शब्द सुनावून मी मोकळा झालो असतो. दुर्दैवाने तुझा सल्ला तंतोतंत बरोबर निघाला. पाणी आरशासारखं आहे, विजेचं बिलही उतरलं. बिघडलं ते वेगळंच. घरात शांतता पसरली.

पंपाची खोली आईच्या खोलीला लागून आहे. घर घेतल्यापासून तो पंप तिच्या उशाशी घरघरत होता. आणि घर घेतल्यापासूनच आपण सगळे म्हणत होतो, की आईला हल्ली ऐकू कमी येतं. (तिला कानाच्या डॉक्टरांकडे न्यायचं काम मी तुझ्यावर ढकललं आणि तू माझ्यावर, त्यामुळे ते दोघांच्याही हातून व्यवस्थित राहिलं.) आईशी जे बोलायचं ते आम्ही ओरडून बोलायचो आणि आईबद्दल जे बोलायचं ते साध्या आवाजात, तिच्यासमोरच. फार मोठी सोय होती रे.

पंप कमी केला त्याच आठवड्यात मी नेहमीसारखा तिच्या दारात उभा राहून बोंबललो, "आई, जेवायला चल!" ती म्हणाली, "ओरडतोस कशाला? मी काय बहिरी आहे?" मी हसलो. हसायला नको होतं. नंतर एकदा स्वयंपाकघरात ही माझ्या कानात कुजबुजली, की सासूबाईंनी भाजीत पुन्हा दोनदा मीठ टाकलं. आतल्या खोलीतून उत्तर आलं, "एकदा मी टाकलं, एकदा तू." चौकशीअंती ते खरं निघालं.

तरी आम्ही धडा घेतला नाही. आपल्या घराण्यात ती रीतच नाही. म्हणून परवाच्या रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी तो बाहेरच्या खोलीत स्पीकरवर लावला. तू बिलाची चौकशी केलीस, स्वतःची पाठ थोपटून घेतलीस आणि म्हणालास, "उन्हाळ्यात आईला इकडे आणायचं ठरलं होतं खरं, पण नको. हिला जड जातं. आईला सांग, माझी बदली झालीय." त्यावर मी म्हणालो, "अरे, पण मलाही जरा सुटका हवी की!" (दोन्ही वाक्यं जशीच्या तशी लिहितोय. अब्रू जायची तर दोघांची सारखीच जावी.)

संध्याकाळी आईने चहाचा कप माझ्या हातात दिला आणि शांतपणे विचारलं, "दादाची बदली कुठे झाली रे?" मला एकाही गावाचं नाव सुचलं नाही. भूगोलात मी कच्चा होतो, पण इतका? मग "सुचलं की सांग," म्हणाली आणि कप परत घेऊन गेली. दादा, ती भांडली असती तर मी निभावलं असतं. त्या भरल्या कपाकडे मात्र मला बघवेना.

आणि अनर्थ पुढेच आहे. आई आणि ही एकमेकींशी साध्या आवाजात बोलू लागल्या! इतकी वर्षं प्रत्येकीला वाटायचं, की दुसरी आपल्यावर खेकसते. (ही ओरडायची आईला ऐकू जावं म्हणून, आणि आई ओरडायची ही ओरडते म्हणून.) आता दोघी पूलच्या काठी उन्हात खुर्च्या टाकून बसतात, मी जवळ गेलो की गप्प होतात, आणि माझ्याकडे बघून हसतात. काल मी खिडकीआड उभा राहून कान लावला, तर आई मागे वळूनही न बघता म्हणाली, "ऐकू येत नाही का? जवळ ये."

असो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा आज्ञाधारक (म्हणूनच ही वेळ ओढवून घेतलेला),
धाकटा

ता. क. पत्र टाकायला उशीर झाला. दोघी आज सकाळीच तुझ्याकडे यायला निघाल्या. किती दिवसांसाठी, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही, पण सामानात उन्हाळी कपडे होते. हे पत्र पोचेल तेव्हा त्या तुझ्या सोफ्यावर बसलेल्या असतील, तेव्हा मोठ्याने वाचू नकोस. बदलीचं गाव कोणतं सांगितलंस ते कळव, म्हणजे आपलं दोघांचं जुळेल.

आणखी एक. खरं काम लिहायचं राहिलंच. त्यांना लवकर परत पाठव. दोघींनाही. सुटका हवी म्हणालो होतो ना, ती दुपारपर्यंतच पुरली. पंप मी पुन्हा दिवसभर चालू ठेवलाय. पाण्याला त्याची काही गरज नाही, ते मला कळतं. पण घरात कोणीतरी बोलतंय, असं वाटतं.